रस्ता कुणाचा, हे कमानीवर लिहिलेलं नसतं

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गावापासून मोठ्या रस्त्यापर्यंत तीन किलोमीटरचा डांबरी रस्ता. डांबर उखडलंय, ओढ्यावरच्या मोरीजवळ कड खचलीय. ग्रामपंचायत म्हणते झेडपीकडे जा. झेडपीत सांगतात की तो स्टेटकडे, म्हणजे राज्याच्या बांधकाम खात्याकडे, वर्ग झाला. बांधकाम खात्यात गेलं की "आमच्या यादीत नाही." रस्त्याच्या तोंडाशी कमान आहे, कमानीवर एका दिवंगत पुढाऱ्याचं नाव आहे, पण रस्ता नेमका कुणाचा हे कोणी सांगत नाही. तर गावाकडच्या रस्त्यांना नाव आणि नंबर कोण देतं, आणि डागडुजी कुणी करायची?

मी कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. निम्मी नोकरी झेडपीत, निम्मी स्टेटला. म्हणजे "आमचा नाही" हे उत्तर मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी दिलेलं आहे. त्यामुळे चिडू नका, आधी नावाचा गोंधळ सोडवू.

गावाकडच्या एका रस्त्याला सहज चार नावं असतात. पहिलं लोकांच्या तोंडचं: मळ्याचा रस्ता, ओढ्याकडचा रस्ता, कारखाना रोड. आमच्या भागात अजून दोन-तीन रस्त्यांना म्हातारी माणसं 'दुष्काळी रस्ता' म्हणतात, कारण १९७२ च्या दुष्काळात त्यांचं मातीकाम झालं. ज्यांनी तिथे खडी फोडली त्यांची नातवंडं आता त्यावरून मोटारसायकल उडवतात, पण नाव टिकून आहे. दुसरं नाव कमानीवरचं. ते ग्रामपंचायतीच्या, गाव मोठं असेल तर नगरपालिकेच्या ठरावाने दिलेलं असतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, तेव्हा बऱ्याच पाट्या बदलून समतानगर, क्रांतीनगर अशा झाल्या. ते व्हायलाच हवं होतं. पण कमानीवरचं नाव हा मानाचा विषय आहे, जबाबदारीचा नाही. नाव दिल्याने रस्ता ठराव करणाऱ्याचा होत नाही, आणि नाव बदलल्याने दुसऱ्याचा होत नाही. तिसरं नाव महसूलच्या गाव नकाशातलं. तिथे बहुतेक वेळा नाव नसतंच, नुसत्या रेषा असतात, त्यांच्याकडे नंतर येऊ. चौथं आमच्या यादीतलं, आणि खड्डा बुजवायचा तर हे एकच कामाचं. ते असं दिसतं: 'रामा अमुक ते तमुकवाडी ते ढमुक रस्ता, ग्रामा ४२'. रामा म्हणजे राज्य महामार्ग, ग्रामा म्हणजे ग्रामीण मार्ग. सुरुवात कुठे, मधलं गाव कोणतं, शेवट कुठे आणि नंबर. यात कमानीवरच्या पुढाऱ्यांना जागा नाही.

ही पद्धत कुठून आली हे सांगायचा मोह आवरत नाही. १९२७ साली सरकारने रस्त्यांच्या अवस्थेवर एक समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. रस्ते हा नुसत्या स्थानिक बोर्डांचा विषय नाही, त्याला देशपातळीवर पैसा लागतो, हे त्या समितीने १९२८ मध्ये लिहून ठेवलं आणि पेट्रोलवरच्या जादा करातून १९२९ मध्ये रस्ते निधी उभा राहिला. मग १९४३ च्या डिसेंबरात नागपूरला सगळ्या प्रांतांचे मुख्य अभियंते जमले. रस्त्यांची उतरंड तिथे ठरली, ती आजही चालू आहे. वरून खाली: राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग. आपल्याकडे राज्य महामार्गांतले मोठे वेगळे काढून त्यांना प्रमुख राज्य महामार्ग केलं. ऑफिसात हे सगळं आखूड होतं: प्ररामा, रामा, प्रजिमा, इजिमा, ग्रामा. नवीन लिपिकाला पहिले आठ दिवस ही पाली भाषा वाटते.

आता कोणाचं काय. प्ररामा, रामा आणि प्रजिमा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इजिमा आणि ग्रामा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. १ मे १९६२ ला झेडप्या अस्तित्वात आल्या तेव्हापासून साधारण ही वाटणी आहे. गावठाणातले, म्हणजे घरांमधले रस्ते ग्रामपंचायतीचे. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे, पण प्रत्यक्ष काम कुठे महामार्ग प्राधिकरण बघतं, कुठे राज्याचाच राष्ट्रीय महामार्ग विभाग. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत झालेला रस्ता झेडपीचाच, मात्र पहिली पाच वर्षं त्याची देखभाल ज्याने बांधला त्याच ठेकेदाराने करायची असते. ते करारातच असतं आणि रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या फलकावर तारखांसकट लिहिलेलं असतं. फलक गंजला असेल तर पाणी मारून पुसून वाचा. मी गंमत करत नाही, एका गावात आम्ही फलकावरची जाहिरातीची चिकटपट्टी खरवडली तेव्हा देखभालीचे सात महिने शिल्लक निघाले.

नंबर मात्र वेगवेगळ्या पातळीवर पडतात आणि अर्ज वाया जातात ते इथेच. रामाचे नंबर राज्यभर एक. प्रजिमा आणि इजिमाचे जिल्ह्यागणिक. ग्रामाचे तालुक्यागणिक. म्हणजे ग्रामा ४२ प्रत्येक तालुक्यात असू शकतो. नुसतं 'ग्रामा ४२ ची दुरवस्था' असं पत्र जिल्ह्याला गेलं तर ते कोणत्याही उपविभागात फिरून 'आमच्या हद्दीत असा खराब रस्ता नाही' या शेऱ्यासह परत येऊ शकतं, आणि शेरा लिहिणारा खोटंही बोलत नसतो. त्यात ग्रामसडक योजनेची वेगळी नंबरं. त्यांच्या जाळ्यात थ्रू रूटला (मुख्य रस्त्याला) टी आणि लिंक रूटला (जोडरस्त्याला) एल लावतात, एल ०२३ असं. एकाच रस्त्याचा ग्रामा ४२ आणि एल ०२३ असा दुहेरी जन्मदाखला असतो. राष्ट्रीय महामार्गांची नंबरं तर २०१० मध्ये सरसकट बदलली: सम आकडे उत्तर-दक्षिण, विषम पूर्व-पश्चिम. पुणे-कोल्हापूर रस्ता चारचा अठ्ठेचाळीस झाला, मुंबई-गोवा सतराचा सहासष्ट. आमच्याकडचे ट्रकवाले अजून 'एनएच फोर'च म्हणतात, त्यांना कोण समजावणार.

'यादीत नाही' हे उत्तर कसं तयार होतं ते माझ्याच चुकीवरून सांगतो. झेडपीत असताना एका वाडीचा अर्ज आला. वाडीचं नाव घेऊन मी रजिस्टर चाळलं, सापडलं नाही, 'सदर रस्ता या कार्यालयाच्या नोंदीत नाही' असं लिहून मोकळा झालो. महिनाभराने दुसऱ्याच कामासाठी तिकडे गेलो. सोबत एक निवृत्तीला आलेला मैलकुली होता. मैलकुली म्हणजे पूर्वी मैलामैलावर नेमलेला माणूस. त्याचा मैल त्याने सांभाळायचा, खड्डा दिसला की मुरूम टाकून धुमसायचा, पाऊस आला की फावड्याने पाण्याला वाट करून द्यायची. तो म्हणाला, "साहेब, हा आपला बेचाळीस नंबर." मी म्हटलं कशावरून? त्याने साइडपट्टीवर घाणेरीची झुडपं कोयत्याने बाजूला केली, कुदळीने वीतभर मुरूम ओढला आणि खालून दगडाचा माथा निघाला. दोनदा साइडपट्टी भरताना तो गाडला गेला होता. रंग गेलेला, पण खोदलेला आकडा बोटाला लागत होता. "मीच रंगवायचो की," म्हणाला. यादीत रस्ता होता, पण शेवटच्या गावाच्या नावाने. मधली वाडी पंचवीस वर्षांपूर्वी चार घरांची होती, तिचं नाव कोण घालणार? मी ऑफिसला येऊन माझंच पत्र मागे घेतलं. तुमच्या बाबतीतही असंच काही असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून गावाचं नाव शोधू नका, नकाशावर रस्ता शोधा.

तो नकाशा म्हणजे रस्ते विकास योजनेचा. वीस-वीस वर्षांच्या योजना असतात: १९६१-८१, १९८१-२००१, २००१-२१. तालुक्याच्या नकाशावर प्रत्येक रस्ता रेषेने आणि नंबरने दाखवलेला असतो, सोबत लांबीचा तक्ता: किती खडीचा, किती डांबरी, किती मातीचा, बारमाही की आठमाही. आठमाही म्हणजे पावसाळ्याचे चार महिने बंद. हा शब्द शहरातल्या वाचकांना नवा असेल, डोंगरातल्यांना नाही. पंचायत समितीच्या आवारात झेडपीचा बांधकाम उपविभाग असतो, तिथे हा नकाशा भिंतीवर किंवा कपाटात सापडतोच. बघायला मागा, फोटो काढा. नाहीच दाखवला तर माहिती अधिकारात दहा रुपयांत 'तालुक्यातील इजिमा व ग्रामा यांची क्रमांक, लांबी व साखळीनिहाय यादी' एवढंच मागा. (साखळी म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर.) 'रस्त्याची सर्व माहिती द्या' असं लिहिलं तर शंभर पानं येतील आणि हवं ते पान नसेल.

जागेवरची खूण म्हणजे किलोमीटरचा दगड. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, केशरी असेल तर ग्रामीण. मधे दोन-दोनशे मीटरला छोटे दगड असतात. त्यावरून साखळी लिहितात: कि.मी. २/४०० म्हणजे सुरुवातीपासून दोन किलोमीटर चारशे मीटर. तुम्ही अर्जात 'शाळेजवळचा मोठा खड्डा' लिहिता, ते वाचणाऱ्याला कळतं पण अंदाजपत्रकात घालता येत नाही. 'ग्रामा ४२, कि.मी. १/६०० ते १/८००' असं लिहिलंत की त्याला नाही म्हणायला कारण शोधावं लागतं.

रस्ता नकाशात खरंच नसेल तर? मग तो योजनाबाह्य. त्यावर झेडपीला देखभालीचा पैसा टाकता येत नाही, लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. अशा वेळी ग्रामपंचायतीचा नमुना २३ बघा. ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची ती नोंदवही. तिथे नोंद असेल तर 'पंचवीस-पंधरा'तून काम धरता येतं. हा ग्रामविकासचा लेखाशीर्ष (सरकारी खर्चाच्या खात्याचा) क्रमांक २५१५, पण गावात सरपंचापासून चहावाल्यापर्यंत सगळे 'पंचवीस-पंधरा'च म्हणतात. तिथेही नोंद नसेल तर मग गाव नकाशा.

गाव नकाशातल्या रेषा वाचायला शिकण्यासारख्या आहेत. तुटक एकेरी रेषा म्हणजे पायवाट, सव्वाआठ फूट. तुटक दुहेरी म्हणजे गाडीवाट, साडेसोळा ते एकवीस फूट. हद्दीवरचा रस्ता तेहतीस फूट. हे आकडे विचित्र वाटतात, पण जुन्या मोजणीची साखळी तेहतीस फुटांची आणि तिचे आणे सोळा. सव्वाआठ म्हणजे चार आणे, साडेसोळा म्हणजे आठ आणे. तेहतीस गुणिले तेहतीस केलं की एक हजार एकोणनव्वद चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. शेतकऱ्याचा गुंठा आणि त्याच्या बांधावरची वाट एकाच साखळीने मोजलेली आहे. ही रेषा असेल आणि कोणी नांगरून अडवली असेल तर ते आमचं काम नाही, तहसीलदाराचं आहे. चालू वहिवाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५, आणि तो दावा अडवल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. ही मुदत लोक भांडणात घालवतात. शेतात जायला वाटच नसेल आणि बांधावरून नवी हवी असेल तर महसूल अधिनियम १९६६ चं कलम १४३. असल्या वाटेवर डांबर मागायला आमच्याकडे येणाऱ्यांना मी आधी तहसीलला पाठवायचो, आणि लोकांना वाटायचं मी टोलवतोय.

आता तुमच्या प्रश्नातलं 'स्टेटकडे वर्ग झाला' हे वाक्य. माझा संशय सगळा इथे आहे. रहदारी वाढली, कारखाना आला, दोन तालुके जोडले गेले की रस्त्याची दर्जोन्नती मागतात: ग्रामाचा इजिमा, इजिमाचा प्रजिमा. त्यासाठी झेडपीचा ठराव लागतो, मग शासन निर्णय निघतो, पेपरात बातमी येते, हार-तुरे होतात. पण दर्जोन्नती वेगळी आणि हस्तांतरण वेगळं. दोन्ही खात्यांचे अभियंते जागेवर जाऊन लांबी मोजतात, मोऱ्या मोजतात, झाडं मोजतात, ताबा देतात-घेतात, तेव्हा रस्ता हलतो. घेणारा म्हणतो आधी दुरुस्त करून द्या, देणारा म्हणतो आता तुमचाच आहे तर मी पैसा कुठून घालू. या मधल्या काळात रस्ता दोन्ही रजिस्टरांतून गळतो. एका रस्त्यासाठी मी स्वतः तीन वर्षं हा पत्रव्यवहार केला आहे. पहिली दोन झेडपीच्या बाजूने, मग बदली झाल्यावर एक वर्ष स्टेटच्या बाजूने माझ्याच पत्रांना उत्तरं देत. हसू नका. बाह्यवळण झाल्यावर गावातून जाणाऱ्या जुन्या तुकड्याचंही असंच होतं. महामार्ग बाहेरून गेला, आतला दीड किलोमीटर कुणाचाच राहत नाही.

म्हणून तुम्ही एवढंच विचारा: दर्जोन्नतीचा शासन निर्णय कोणत्या तारखेचा, आणि ताबा दिल्याची नोंद कोणत्या तारखेची? दुसरी तारीख नसेल तर रस्ता अजून झेडपीचाच आहे, आणि ते झेडपीलाही माहीत असतं.

दुरुस्तीबद्दल. लोक डांबराच्या जाडीवर भांडतात, टेप घेऊन कड उकरतात. ग्रामीण रस्त्यावरचं कार्पेट, म्हणजे वरचा डांबरी थर, मुळातच वीस मिलिमीटरचं असतं, वर सीलकोट, म्हणजे फटी बुजवणारा पातळ थर. ते पातळ आहे म्हणून ओरडण्यात अर्थ नाही, त्याखाली खडीचे थर नीट दबले की नाही आणि पाणी कुठे जातं, हे बघायचं. पावणेचार मीटरच्या डांबरी रस्त्याची पाठ मधोमध कडेपेक्षा साधारण साडेचार-पाच सेंटिमीटर उंच हवी. दोन पोरं दोन कडांना बसवा, दोरी डांबराला टेकवून ताणा. मधे दोरी रस्त्याला घासली पाहिजे. दोरीखालून हात गेला तर त्या रस्त्यावर पाणी थांबणार, आणि थांबलेलं पाणी डांबराखाली शिरणार. चाक दाबलं की ते पाणी खडी सुटी करतं. खड्डा वरून पडत नाही, खालून येतो.

आणि पाठ चांगली असूनही रस्ता मरतो तो साइडपट्टीमुळे. दरवर्षी मुरूम टाकायचा, गवत उगवायचं, धूळ साचायची, करता करता साइडपट्टी डांबरापेक्षा चार बोटं वर येते. मग रस्ताच गटार होतो. त्यात कोणीतरी शेतात पाणी येतं म्हणून मोरीचं तोंड दगड-मातीने बुजवलेलं असतं. तुमची मोरीजवळची कड खचली त्याचं कारण बहुधा हेच. मोरी तुंबली की ओढा वरून जातो आणि कडेची माती घेऊन जातो. मैलकुली होते तोवर मे महिन्यात गटारं काढणं, साइडपट्टी छाटणं, मोऱ्या मोकळ्या करणं हे निविदेविना व्हायचं. ती पदं हळूहळू संपली. फावडं मारायला आता अंदाजपत्रक लागतं, आणि त्या अंदाजपत्रकाला मान्यता येईपर्यंत पोळा येतो. या एका गोष्टीबद्दल मी कोणाशीही भांडायला तयार आहे: गेल्या तीस वर्षांत आपण नवे रस्ते भरपूर केले आणि फावडेवाला काढून टाकला.

खड्डा बुजवायची रीत सोपी आहे. खड्ड्याच्या कडा चौकोनी उभ्या कापायच्या, झाडून धूळ काढायची, टॅककोट (माल चिकटावा म्हणून पातळ डांबराचा हात) मारायचा, डांबरमिश्रित खडी भरून रोलर फिरवायचा. प्रत्यक्षात गोल खड्ड्यात धुळीवरच माल ओतून ट्रॉलीचं चाक फिरवतात. तो माल पंधरा दिवसांत थाळीसारखा उचलून येतो. काम चालू असताना तिथे उभे राहा आणि फक्त विचारा, "कडा कापणार ना?" एवढ्यानेही फरक पडतो, हे मी ठेकेदारांच्या चेहऱ्यांवर पाहिलंय. पावसाळ्यात मात्र डांबराचा आग्रह धरू नका, तेव्हा खडी-मुरूमच बरा. पक्कं काम दसऱ्यानंतर.

पैशाचं थोडक्यात: 'तीस चोपन्न', म्हणजे लेखाशीर्ष ३०५४, देखभाल-दुरुस्तीचं. 'पन्नास चोपन्न' नव्या बांधणीचं आणि सुधारणेचं. जिल्हा नियोजन समितीतून दोन्हींना पैसा येतो, आणि दुसऱ्याचं भूमिपूजन करता येत असल्यामुळे आमदार-सदस्यांचा ओढा तिकडे. मोरी साफ केल्याचा नारळ कोण फोडणार? याद्या साधारण हिवाळ्यात ठरतात. जुलैत खड्ड्यात झाड लावून फोटो काढण्यापेक्षा नोव्हेंबरात यादीत लांबी घालून घेणं उपयोगाचं.

तर तुमच्यासाठी क्रम असा. आधी रस्त्याच्या तोंडाशी फलक शोधा आणि देखभालीची मुदत बघा. संपली असेल तर पंचायत समितीतल्या उपविभागात नकाशावरून नंबर काढा. दर्जोन्नतीच्या दोन तारखा लेखी मागा. ग्रामसभेच्या ठरावात नंबर, साखळी आणि 'मोरीची दुरुस्ती व साइडपट्टी छाटणे' हे शब्द घाला. 'रस्त्याचे नूतनीकरण' एवढंच घातलंत तर मोरी तशीच ठेवून वर नवं कार्पेट येईल. ठरावाची प्रत उपअभियंता झेडपी आणि उपअभियंता सार्वजनिक बांधकाम, दोघांनाही एकाच पत्रावर द्या, दोघांची नावं एकाखाली एक. वेगवेगळी पत्रं दिलीत तर दोन वेगवेगळी उत्तरं येतील. एका पत्रावर दोघांचे शिक्के पडले की त्यांनाच एकमेकांना फोन करावा लागतो.

आणि दगड सापडला तर झुडपं काढून त्याला रंग मारून ठेवा. केशरी.